पांच मुलींचा पहिला गीतसंग्रह



महोत्सवाच्या स्मरणिकेंत धर्मगुरूनें काय लिहावें, याविषयीं एक रूढ संकेत आहे. देवळाच्या पायाभरणीची हकीकत, पूर्वींच्या मिशनऱ्यांचे कष्ट, उदार दात्यांचे आभार आणि अंतीं आशीर्वाद, असा तो क्रम असतो. हा सर्व मजकूर या पुस्तिकेंत अन्य पृष्ठांवर आला आहे, व तो आमच्याहून अधिक माहितगार मंडळींनीं लिहिला आहे. म्हणून आज आम्ही आपलें लक्ष एका निराळ्या इतिहासाकडे वेधूं इच्छितों. तो इतिहास आहे पांच तरुण मुलींच्या एका गानमंडळीचा व तिच्या पहिल्या गीतसंग्रहाचा. हें वाचून आमच्या कित्येक वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठ्या पडतील, हें आम्ही जाणून आहों. त्यांस आमची विनंती इतकीच कीं, लेख शेवटपर्यंत वाचावा व मग काय तो निवाडा द्यावा.

हा विषय मनांत येण्याचें कारण प्रथम सांगतों. गेल्या प्रायश्चित्तकाळांत एके सायंकाळीं जपमाळेची प्रार्थना आटोपल्यावर आमच्या गायनमंडळांतील पांच मुली देवळाच्या पायरीशीं थांबल्या. महोत्सवासाठीं बसविलेलीं मराठी भक्तिगीतें नीट ध्वनिमुद्रित करावीं, आणि पोटापाण्यासाठीं पुणें-मुंबईस व त्याहूनही दूर गेलेल्या आपल्या माणसांपर्यंत तीं पोहोंचवावीं, अशी त्यांची इच्छा होती. आम्हांस ती कल्पना पसंत पडली. परंतु पुढच्याच रविवारीं मिस्सा संपल्यावर त्यांपैकीं एकीचे वडील आम्हांस गांठून म्हणाले, “फादर, पोरीनं देवळांत गावं, त्याला आमची ना नाही. पण तिचा गळा बाजारांत कशाला मांडायचा?” त्यांच्या बोलण्यांत राग नव्हता, काळजी होती. आम्हीं त्या वेळीं कांहीं उत्तर दिलें नाहीं. हा लेख म्हणजेच तें उत्तर होय.

सन २००२ मध्यें ‘चॅनल व्ही’ या संगीताच्या दूरचित्रवाणी वाहिनीनें ‘पॉपस्टार्स’ नांवाचा एक कार्यक्रम चालविला. गाणाऱ्या मुलींस परीक्षेसाठीं बोलवावें, फेरीमागून फेरी घेऊन त्यांतून पांच जणी निवडाव्या, त्या पांचींची एक मंडळी बांधावी आणि तिचा गीतसंग्रह काढावा, असा तो बेत होता. मुली निवडल्या जात असतां, नापास होऊन रडत असतां व पास होऊन हंसत असतां प्रेक्षकांनीं तें सर्व घरबसल्या पाहावें, ही त्यांतील नवलाई होती. अखेरीस निवडल्या गेलेल्या पांच जणी म्हणजे सीमा रामचंदानी, प्रतीची महापात्र, नेहा भसीन, महुआ कामत आणि अनुष्का मनचंदा. मंडळीस ‘विवा’ असें नांव देण्यांत आलें, व त्याच सालीं त्याच नांवाचा गीतसंग्रह बाजारांत आला. नवीं गीतें ऐकविण्याची ग्वाही देणारें ‘हम नये गीत सुनाएँ’ हें त्यांचें हिंदी गाणें तेव्हां तरुण पोरांच्या तोंडीं बसलें होतें. ‘विवा’ या शब्दाचा अर्थ ‘चिरायु होवो’ असा आहे, आणि तो आम्हां कॅथलिकांस परका नाहीं. मेक्सिको देशांतील धर्मगुरु मिगेल प्रो यांस १९२७ सालीं गोळ्या घालण्यांत आल्या, तेव्हां ख्रिस्तराजाचा जयजयकार त्यांनीं याच शब्दानें केला होता.

हा बेत मूळचा भारतांतला नव्हे. न्यूझीलंडमध्यें १९९९ सालीं याच नांवाच्या कार्यक्रमांतून पांच तरुणींची ‘ट्रूब्लिस’ ही मंडळी निर्माण झाली, व तिचा ‘ड्रीम’ हा गीतसंग्रह त्याच वर्षीं निघाला. पाठोपाठ ऑस्ट्रेलियांत ‘बार्डो’ व जर्मनींत ‘नो एंजल्स’ या मुलींच्या मंडळ्या उभ्या राहिल्या. त्यापूर्वीं इंग्लंडांत १९९४ सालीं वृत्तपत्रांत जाहिरात देऊन मुली जमविण्यांत आल्या होत्या. त्यांतून पुढें ‘स्पाइस गर्ल्स’ ही मंडळी झाली व १९९६ सालीं तिचा पहिला संग्रह ‘स्पाइस’ जगभर गाजला. जुन्या काळीं गाणारे एकत्र येत, एकत्र वाढत व मग त्यांस कोणी व्यापारी भेटे. येथें व्यापार प्रथम ठरला, आणि गाणाऱ्या मागाहून शोधण्यांत आल्या. एकमेकींस ओळखतही नसलेल्या मुलींनीं कांहीं महिन्यांत एका सुरानें गावें, अशी ही अपेक्षा होती. ती किती अवघड आहे, हें ज्यानें गांवच्या गायनमंडळाच्या तालमी घेतल्या आहेत त्यास सांगावयास नको.

आतां वाचकांनीं आमच्याबरोबर शंभर वर्षें मागें यावें. कारण ‘गळा बाजारांत मांडणें’ हा शब्दप्रयोग ज्या काळजींतून निघाला, तिचें मूळ तेथें आहे. १९०२ सालीं ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग आपलीं यंत्रें घेऊन कलकत्त्यास आले. ८ नोव्हेंबर रोजीं त्यांनीं तेथें व्यापारी तबकड्यांसाठीं पहिलें मुद्रण केलें, व तें शशीमुखी आणि फणीबाला या नाटकगृहांत गाणाऱ्या दोन कोंवळ्या मुलींचें होतें. त्यानंतर थोड्याच दिवसांत सुप्रसिद्ध गौहर जान यांचें गाणें मुद्रित झालें. गौहर जान यांचा जन्म आर्मेनियन वंशाच्या ख्रिस्ती घरांत झाला होता व त्यांचें पहिलें नांव अँजेलिना असें होतें. पुढें मायलेकींनीं इस्लाम स्वीकारला. त्या काळीं मायक्रोफोन नव्हता. गाणारणीनें मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशीं तोंड नेऊन मोठ्यानें गावें, तिच्या आवाजाच्या बळानें सुई थरथरावी व मेणाच्या तबकडीवर रेघ उमटावी, अशी रीत होती. अवघ्या तीन मिनिटांत गाणें संपवावयाचें. चूक झाली तर मेणाची नवी तबकडी घेऊन पुन्हां आरंभापासून गावयाचें. गाणें संपतांच गौहर जान आपलें नांव उच्चारीत. मुद्रित मेण जर्मनींत हानोवर येथें जाई, व तेथील कारागिरांस ही तबकडी कोणाची तें त्यावरून कळे.

लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, कर्ण्यापुढें प्रथम उभ्या राहिल्या त्या नाटकगृहांतल्या मुली आणि कोठ्यावर गाणाऱ्या स्त्रिया. त्यांचें गाणें ऐकावयास सर्वजण उत्सुक असत, पण त्यांस मान देण्यास मात्र कोणी पुढें येत नसे. ‘घरंदाज’ म्हणविणाऱ्या कुटुंबांतील स्त्रिया जात्यावर ओव्या गात, पाळण्यापाशीं गात, शेतांत निंदणी करतांना गात. आमच्या मराठवाड्यांत पहांटेच्या अंधारांत एका जात्याच्या खुंट्यास दोघी जणी हात घालीत व एकीची ओवी दुसरी उचलून धरी. गावयाचें कसें, तें या बायांस शिकवावें लागत नव्हतें. परंतु चार परक्या माणसांपुढें गाणें ही मात्र अब्रूची गोष्ट मानली जाई. आमच्या त्या बांधवांच्या प्रश्नांत हीच जुनी भीति बोलत होती.

आणि येथें आपल्या ख्रिस्तसभेचेंही सांगावयास हवें; तें झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. ज्या १९०३ सालीं केंदळच्या मिशनांतून आपलें ‘निरोप्या’ मासिक निघूं लागलें, त्याच सालीं २२ नोव्हेंबरास, म्हणजे संगीताची पालक संत सिसिलिया हिच्या सणाच्या दिवशीं, पोप दहावे पायस यांनीं पवित्र संगीताविषयीं एक आज्ञापत्र काढलें. देवळांतील संगीतांत शिरलेला नाटकी थाट दूर व्हावा, हा त्यामागील हेतु थोर होता. परंतु गायकवृंद हें उपासनेंतील एक पद आहे, असें धरून स्त्रियांस गायकवृंदांत घेऊं नये, उंच स्वरांसाठीं मुलगे घ्यावे, असाही नियम त्यांत होता. पुढें पोप बारावे पायस यांनीं १९५५ सालच्या नाताळच्या दिवशीं दिलेल्या परिपत्रांत, जेथें मुलग्यांचा गायकवृंद मिळत नाहीं तेथें वेदीच्या परिसराबाहेर राहून स्त्रियांनीं व मुलींनीं गाण्यास मोकळीक दिली. नंतर दुसरी व्हॅटिकन महासभा भरली. ४ डिसेंबर १९६३ रोजीं उपासनेविषयींचा तिचा ठराव प्रसिद्ध झाला, लोकभाषेस देवळांत प्रवेश मिळाला, आणि १९६७ सालच्या पवित्र संगीतावरील सूचनापत्रानें तर गरजेप्रमाणें केवळ स्त्रियांचाही गायकवृंद असूं शकतो हें मान्य केलें. आज आमच्या देवळांत मुलींनीं मराठींत स्तोत्र गाइलें तर कोणास नवल वाटत नाहीं. वाचकहो, ज्या गोष्टीस देवळांत प्रवेश मिळावयास साठ वर्षें लागलीं, ती आज आपणांस परंपरा वाटते. नव्या गोष्टीस नाहीं म्हणण्यापूर्वीं आपण सर्वांनीं हें ध्यानांत धरावें.

महाराष्ट्रांत या भीतीच्या बेड्या तोडण्याचें मोठें काम हिराबाई बडोदेकर (१९०५–१९८९) यांनीं केलें. सभागृहांत तिकीट लावून, नीटनेटक्या वेषांत, धीरगंभीरपणें बसून गाणारी स्त्री लोकांनीं त्यांच्या रूपानें पाहिली व तिला नमस्कार केला. त्यांच्या धाकट्या भगिनी सरस्वतीबाई राणे याही मोठ्या गायिका होत्या. या दोघी बहिणींनीं पुढें जुगलबंदी गाऊन स्त्रियांच्या एकत्र गाण्याचा पायंडा पाडला. दोन गळे एकाच बैठकींत, पण एकमेकींवर मात न करतां. हें त्यांचें विशेष होतें. दोघींच्याही तबकड्या घरोघरीं वाजल्या, आणि त्यामुळें त्यांची अब्रू कमी झाली असें कोणी म्हटलें नाहीं.

ज्यास आपण ‘आल्बम’ म्हणतों, त्या शब्दाचीही एक कथा आहे. जुन्या तबकडीच्या एका बाजूस तीन-चार मिनिटांचेंच गाणें मावे. लांब रचना घ्यावयाची तर चार-सहा तबकड्या लागत, व त्या फोटोच्या वहीप्रमाणें बांधलेल्या पाकिटांच्या जाड पुस्तकांत घालून विकीत. त्या पुस्तकास ‘आल्बम’ म्हणत. १९२५ च्या सुमारास विजेच्या मायक्रोफोननें मुद्रण होऊं लागलें, तेव्हां हळुवार गळाही ऐकूं येऊं लागला. १९४८ सालीं अमेरिकेंत मंद गतीची मोठी तबकडी निघाली. तिच्या एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक गाणें मावूं लागलें, आणि जुनें नांव या नव्या वस्तूस चिकटलें. पुढें फीत आली व तिच्याबरोबर निरनिराळे आवाज वेगवेगळे मुद्रित करून मागाहून एकत्र करण्याची सोय झाली. १९८० नंतर कॅसेटनें तर संगीत खेडोपाडीं नेलें. आमच्या राजुरास चतुर्थीला जी यात्रा भरते, तिच्यांतही आरत्यांच्या कॅसेटी विकल्या जात असत. ‘विवा’चा संग्रह आला तो कॅसेटीच्या अखेरच्या व सीडीच्या भराच्या दिवसांत.

अशा मंडळीचा पहिला संग्रह घडतो कसा? प्रथम निवड. येथें सर्वांत उत्तम पांच गळे निवडावयाचे नसतात, तर एकमेकांशीं जुळणारे पांच निवडावयाचे असतात. एकीचा आवाज खर्जांत भरदार, एकीचा तारसप्तकांत मोकळा, एकीचा मधल्या स्वरांत गोड, असा मेळ पाहावा लागतो. एकटी गातांना जी सर्वांवर मात करते, ती पुष्कळदां समूहांत बसत नाहीं. मग रचना. संगीतकार चाल बांधतो, कवि शब्द देतो, आणि कोणती ओळ कोणी गावयाची याची वांटणी होते. आपल्या देशी पद्धतींत सर्वजण एकच सूर धरतात. पाश्चात्य पद्धतीच्या गाण्यांत एकीच्या सुरावर दुसरीचा तिसरा वा पांचवा सूर चढवून स्वरसंवाद साधतात. लॅटिन मिस्सेचीं जुनीं बहुस्वरी गीतें ज्यांनीं ऐकलीं आहेत, त्यांस हा प्रकार ठाऊक आहे. ज्या मुलीस वरचा प्रमुख सूर मिळतो तिचें नांव होतें. जिला मधला सूर मिळतो, तिचा आवाज कोणी वेगळा ओळखीत नाहीं; पण तो काढून घेतला तर गाणें पोकळ होतें.

त्यानंतर मुद्रण. प्रथम ताल व साथीचीं वाद्यें मुद्रित होतात, आणि वाट दाखविण्यापुरता एक कच्चा आवाज त्यांवर घातला जातो. पुढें एकेक गायिका कांचेच्या पलीकडील बंद खोलींत एकटी उभी राहते. कानास हेडफोन लावून तिनें साथ ऐकावी व फक्त आपली ओळ म्हणावी. तीच ओळ पुन्हां पुन्हां घेतात, त्यांतील उत्तम तेवढे तुकडे निवडतात, आणि आवाज भरीव वाटावा म्हणून एकीचाच आवाज दोनदां-तीनदां एकावर एक घालतात. शेवटीं तंत्रज्ञ या सर्व आवाजांचें प्रमाण ठरवितो, म्हणजे कोणता पुढें, कोणता मागें, कोणता उजव्या कानाशीं व कोणता डाव्या. १९९७ सालापासून चुकलेला सूर संगणकानें सुधारण्याचीही युक्ति उपलब्ध झाली आहे. श्रोत्यास वाटतें कीं पांच जणी खांद्यास खांदा लावून गात आहेत. वस्तुतः त्या निरनिराळ्या वेळीं, निरनिराळ्या दिवशींही गाइलेल्या असूं शकतात.

हें ऐकून कोणी म्हणेल, मग यांत खरें तें काय? आम्हीं यावर पुष्कळ विचार केला. यंत्र सूर सुधारूं शकतें. परंतु शेजारणीस वाट करून देण्याची बुद्धि यंत्राजवळ नाहीं. एकटीनें बंद खोलींत गातांनाही आपल्या ओळीनंतर दुसरीची ओळ यावयाची आहे, हें जिच्या मनांत असतें ती श्वास वेळेवर सोडते, शेवटचें अक्षर लांबवीत नाहीं. ज्या मंडळींत ही जाणीव नाहीं, तिचें गाणें कितीही चकाकलें तरी ऐकणाऱ्यास तें पांच गाण्यांचें भांडण वाटतें. आमच्या तालमींत आम्ही रोज हेंच सांगतों कीं, स्वतःचा आवाज शेजारणीच्या आवाजाहून मोठा ऐकूं येऊं लागला, तर समजावें कीं आपण ऐकणें सोडलें आहे.

‘विवा’चें पुढें काय झालें? पहिल्या संग्रहानंतर महुआ कामत मंडळींतून बाहेर पडल्या. उरलेल्या चौघींनीं आणखी एक संग्रह काढला, आणि थोड्याच वर्षांत मंडळी विसर्जित झाली. न्यूझीलंडची ‘ट्रूब्लिस’ही फार काळ टिकली नाहीं. ज्या घाईनें या मंडळ्या बांधल्या गेल्या, त्याच घाईनें त्या सुटल्या. परंतु गळे संपले नाहींत. अनुष्का मनचंदा यांनीं चित्रपटांसाठीं पार्श्वगायन केलें. नेहा भसीन यांस ‘सुलतान’ चित्रपटांतील गाण्यासाठीं २०१७ सालीं फिल्मफेअर पारितोषिक मिळालें. मंडळी बांधणाऱ्यांनीं नांव दिलें, कपडे दिले, गाणीं दिलीं. गळा मात्र त्यांनीं दिलेला नव्हता, म्हणून मंडळी मोडल्यावर तो त्यांस परत घेतांही आला नाहीं. दाता निराळाच होता.

येथें आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. त्या २००२ सालीं आम्ही नुकतेच दीक्षा घेतलेले तरुण धर्मगुरु होतों, आणि एका मिशन-वसतिगृहाची देखरेख आमच्याकडे होती. त्या कार्यक्रमाच्या दिवसांत वसतिगृहांतील मुली दूरचित्रवाणीपुढून हलत नसत. त्यांत अकरावींतली एक मुलगी होती. तिचा आवाज असा कीं, पवित्र शुक्रवारीं ती गाऊं लागली म्हणजे देवळांतील लहान मुलेंसुद्धां गप्प बसत. तिनें एके दिवशीं भीत भीत विचारलें, “फादर, मलापण असं गायला जातां येईल का हो?” आम्हीं वर न पाहतांच म्हटलें, “बाळ, हें आपलं काम नव्हे. तूं अभ्यास कर.” ती निघून गेली. पुष्कळ वर्षांनीं एका लग्नांत ती आम्हांस भेटली. आम्हीं तिला एक स्तोत्र म्हणावयास सांगितलें, तेव्हां ती हंसून म्हणाली, “संवय मोडली, फादर. आतां आवाजच निघत नाही.” तिला आमच्याविषयीं रोष नव्हता, आणि त्यामुळेंच आम्हांस अधिक लागलें. मालकानें दिलेला रुपया जमिनींत पुरून ठेवणाऱ्या चाकराचा दाखला आम्हीं किती वेळां उपदेशांत सांगितला असेल! येथें तर दुसऱ्याचा रुपया आम्हींच पुरला होता.

परंतु याची दुसरी बाजूही आहे, आणि त्या पित्याची काळजी सर्वस्वी व्यर्थ नाहीं. बेल्जियम देशांत वॉटर्लूजवळील फिशरमाँच्या मठांत जान डेकर्स नांवाची एक डोमिनिकन धर्मभगिनी होती. ती गिटार वाजवून स्वतःचीं गीतें गाई. मठास भेट देणाऱ्यांच्या आग्रहावरून १९६१ सालीं ब्रुसेल्स येथें सोबतच्या भगिनींच्या साथीनें तिचीं गाणीं मुद्रित झालीं. संत डोमिनिकविषयींचें तिचें ‘दोमिनिक’ हें गीत १९६३ सालच्या अखेरीस अमेरिकेंतील विक्रींत पहिल्या क्रमांकावर गेलें. तबकड्या लाखोंनीं खपल्या. पैसा मात्र कंपनीकडे व मठाकडे गेला. १९६६ सालीं तिनें मठ सोडला. पुढें त्या उत्पन्नावरील कर सरकारनें तिच्याकडे मागितला. पैसा मठास दिल्याचे कागद तिच्याजवळ नव्हते, आणि फेडण्यास पैसाही नव्हता. कर्ज व निराशा यांनीं खचून १९८५ सालीं तिचा अत्यंत करुण अंत झाला. तिला कोणीं वाईट हेतूनें बुडविलें असें नाहीं. गाणें कोणाचें, पैसा कोणाचा, जबाबदारी कोणाची, हें आरंभीं कोणीं स्पष्ट लिहून घेतलें नाहीं. सर्वजण तिच्या गाण्यानें आनंदलेले होते. त्या भगिनीच्या आत्म्यास प्रभु शांति देवो.

या दोन हकीकती शेजारीं ठेवल्या म्हणजे त्या बांधवांच्या प्रश्नाचें उत्तर आमच्या मनांत स्पष्ट होतें. गळा लोकांपुढें नेण्यांत कमीपणा नाहीं. कमीपणा आहे तो गळा एकीचा आणि हिशेब दुसऱ्याचा, अशा व्यवहारांत. कलकत्त्याच्या त्या दोन मुलींचीं नांवें तबकडीमुळें राहिलीं, पण त्यांच्या आयुष्याची विचारपूस कोणीं केली नाहीं. आमच्या मुलींच्या बाबतींत तसें होऊं नये, हें पाहणें आम्हां वडीलधाऱ्यांचें काम आहे. आवाज बंद करणें हें त्या कामांत येत नाहीं.

म्हणून धर्मग्रामाच्या सल्लागार मंडळापुढें आम्हीं पुढील गोष्टी ठेवल्या, व मंडळानें त्या मान्य केल्या. गीतांवर पांचही मुलींचीं नांवें सारख्या अक्षरांत छापावीं. पेटी व तबला वाजविणाऱ्या मुलांचींही तशींच. घरचा पत्ता कोठेंही देऊं नये. प्रत्येक मुलीची व तिच्या आईवडिलांची लेखी संमति घ्यावी, आणि जिला मध्येंच थांबावेंसें वाटेल तिला कोणीं दूषण देऊं नये. गीतें कोणाचीं, चाली कोणाच्या, हें नमूद करावें, व जेथें परवानगी लागेल तेथें ती मागावी. खर्च महोत्सवाच्या निधींतून व्हावा. त्यावर जर कांहीं मिळकत झाली तर ती गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांच्या नांवें पोस्टांत ठेवावी, आणि तिचा हिशेब दर वर्षीं रविवारच्या मिस्सेनंतर सर्वांपुढें वाचून दाखवावा.

हा मसुदा आम्हीं त्या बांधवांस वाचून दाखविला. त्यांनीं तो दोनदां वाचून घेतला, पोस्टाची गोष्ट तिसऱ्यांदां विचारली, आणि म्हणाले, “फादर, पोरीची आई म्हणते, तिला लहानपणीं फार गायची हौस होती.” एवढें बोलून त्यांनीं सही केली. आईनेंही केली.

मुद्रण आमच्याच देवळांत होणार आहे. बंद कांचेची खोली आमच्याजवळ नाहीं. जालन्याच्या रस्त्यावरील मालमोटारींचा आवाज थांबावा म्हणून रात्रीं उशिरां बसावें लागेल, आणि चतुर्थीचा दिवस टाळावा लागेल. कारण त्या दिवशीं गणपतीच्या दर्शनास आलेल्या यात्रेकरूंची व ध्वनिक्षेपकांची एकच गर्दी असते. पांचही मुली एकाच वेळीं, एकमेकींकडे पाहत गातील. एखादीचा सूर चुकला तर आम्ही तो संगणकानें सुधारणार नाहीं. पुन्हां पहिल्यापासून गाऊं, जसें मेणाच्या तबकडीपुढें गात असत. तोंवर आपण सर्वांनीं या मुलींसाठीं संत सिसिलियेची मध्यस्थी मागावी, आणि त्या रात्रींपुरतीं देवळाजवळच्या घरांतील मंडळींनीं आपलीं कुत्रीं बांधून ठेवावीं, अशी नम्र विनंती आहे.

आपला प्रभूमधील सेवक,
धर्मगुरु, राजूर